पायाच्या फुगलेल्या शिरा आणि दवाखान्याची वाट

गेल्या वर्षावासात एका रविवारी आम्ही शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूच्या एका वस्तीवरील विहारात गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालले होते. पंचवीस-तीस भगिनी पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या, लहान पोरे मांडीवर पेंगत होती. एक मावशी मात्र आत न येता विहाराच्या पायरीवर, पत्र्याच्या पागोळ्या अंगावर घेत बसल्या होत्या. डावा पाय त्यांनी पुढे लांब केला होता. त्रिसरण-पंचशील त्या तेथूनच म्हणत होत्या.

वाचन आटोपून चहा आला तेव्हा आम्ही म्हटले, "मावशी, आत जागा आहे की. पावसात कशाला बसलात?"

"इथंच बरी आहे," मावशी म्हणाल्या. मग जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "पायाला वास येतो, भाऊ. दुसऱ्याला कशाला त्रास?"

त्यांनी साडीचा काठ थोडा वर केला. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, जुन्या साडीची चिंधी बांधलेली होती आणि ती पिवळसर ओली झाली होती. भोवतालची कातडी काळी-तपकिरी पडून चामड्यासारखी टणक झाली होती. वर पोटरीवर, गुडघ्यामागे, बोटाएवढ्या जाड निळ्या शिरा वेड्यावाकड्या वर आलेल्या. जखम चार वर्षांची होती. वस्तीत कोणी म्हणे कुष्ठरोग आहे, कोणी म्हणे करणी आहे. कोणी तोंडावर काही बोलले नव्हते. पण चहाचा कप त्यांना नेहमी वेगळा येतो, हे त्यांनी ओळखले होते.

ज्या समाजाने हजारो वर्षे विटाळ सोसला, त्या समाजातील एका कष्टकरी बाईला आपल्याच विहाराच्या पायरीवर बसावे लागते, तेही एका साध्या, बऱ्या होणाऱ्या दुखण्यामुळे! त्या दिवशी आम्हाला हे फार लागले. पुढचे तीन महिने आम्ही शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जमेल तसे फिरलो, लोकांशी बोललो, डॉक्टरांना विचारले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मावशींना कुष्ठरोग नाही. कुष्ठरोगाची जखम बहुधा तळपायाला होते आणि ती दुखत नाही, कारण तेथली जाणीवच गेलेली असते. (कुष्ठरोग असता तरी कप वेगळा ठेवण्याचे काही कारण नव्हते, हेही सांगून ठेवतो. तो गोळ्यांनी बरा होतो आणि सरकार त्या गोळ्या फुकट देते.) मावशींच्या दुखण्याला डॉक्टर 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात. आपली माणसे 'नसा फुगल्या', 'पायाला गाठी आल्या' असे म्हणतात.

हे होते कसे? हृदय रक्त पायापर्यंत ढकलते, पण पायातून वर परत यायला रक्ताला चढण असते. ती चढण दोन गोष्टींच्या बळावर पार होते. एक म्हणजे पोटरीचा स्नायू. आपण चालतो तेव्हा तो आवळतो आणि रक्त वर फेकतो. दुसरी म्हणजे शिरांच्या आतील बारीक झडपा. विहिरीवरच्या पंपाला खाली झडप असते. ती पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तशाच या झडपा. त्या ढिल्या पडल्या, की वर गेलेले रक्त पुन्हा खाली येते, शिरेत साचते आणि शीर फुगते. पुष्कळदा बिघाड वर जांघेपाशी असतो आणि त्याचा त्रास खाली घोट्याला होतो. म्हणूनच घोट्याच्या जखमेला वर्षानुवर्षे नुसते मलम चोपडून काही उपयोग होत नाही.

हे दुखणे कोणाला होते, याचे उत्तर आपल्या घरातच आहे. आईला असेल तर मुलीला होण्याचा संभव जास्त. बाळंतपणे झाली की वाढते. वजन आणि वय वाढले की वाढते. आणि तासन् तास उभे राहण्याचे काम असले तर त्याला जोरच चढतो. मावशींची कहाणी ऐका. लग्नाआधीपासून वीटभट्टी, लग्नानंतर पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर भाताची आवणी, चार बाळंतपणे, आणि गेली नऊ वर्षे शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक. चुलीपुढे सकाळी आठ ते दुपारी दोन, उभ्याने. पोटरीचा स्नायू चालताना काम करतो, एका जागी उभे राहिल्यावर तो स्वस्थ बसतो. आता अशा किती बाया आपल्या ओळखीच्या आहेत, ते मोजा. भिवंडी-पडघा रस्त्यावरच्या गोदामांत दिवसभर उभ्याने माल बांधणाऱ्या मुली, मुरबाडच्या एम.आय.डी.सी.तील कामगार, एस.टी.चे कंडक्टर, हॉटेलातली पोरे, शाळेतले मास्तर. कसाऱ्याहून मुंबई सुमारे १२० किलोमीटर. तेवढा प्रवास गाडीच्या दारात उभ्याने करून पुन्हा कामावर उभे राहणारे आपले कितीतरी भाऊ आहेत. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. ते पाणी जलवाहिनीतून निवांत मुंबईला जाते आणि शहापूरचा माणूस मात्र लटकत जातो!

सुरुवातीला पाय जड वाटतो. संध्याकाळी घोट्याला सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात, कातडीला खाज सुटते. नंतर कातडी काळवंडते. मग एके दिवशी चुलीचे लाकूड लागते किंवा डास चावतो, एवढेसे खरचटते आणि ते भरूनच येत नाही. मावशींचे असेच झाले. इंग्लंडात 'नाईस' नावाची सरकारी संस्था आहे, कोणत्या रोगाला कोणते उपचार द्यावेत हे ती ठरवते. २०१३ साली तिने सांगून ठेवले आहे, की अशी जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर रुग्णाला शिरांच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे दोन आठवडे, आणि आमच्या मावशी चार वर्षे पायरीवर.

दोन बहिणी, दोन वाटा

मावशींची थोरली बहीण मुरबाड तालुक्यात धसईकडे दिली आहे. तिच्याही पायाला तेच, फक्त जखम झाली नव्हती. आम्ही तिलाही भेटायला गेलो. तिला सगळे 'आक्का' म्हणतात. आक्काच्या मुलाला गाडीत एक कागद मिळाला होता : विनाटाके, विनावेदना, सकाळी या, संध्याकाळी घरी जा. कल्याणच्या त्या खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी नीट तपासले, डॉपलरची सोनोग्राफी केली आणि लेसर करावे लागेल म्हणून सांगितले. एका पायाचे ऐंशी हजार. आक्काची बोरमाळ गेली, बचत गटाचे कर्ज झाले, उरलेले मुलाने मालकाकडून उचलले. लेसर झाले. पाय बरा झाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. लेसर म्हणजे लूट असे काहीजण सरसकट बोलतात, ते आम्हाला पटत नाही. या उपचारात डॉपलरच्या पडद्यावर पाहत शिरेत बारीक तार घालतात आणि उष्णतेने ती शीर आतून बंद करतात. जागेवरची भूल पुरते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. उपचार चांगला आहे. पण आक्काचा दुसरा पायही आता जड होऊ लागला आहे आणि पहिल्या पायाचे हप्ते अजून फिटायचे आहेत. "दुसऱ्या पायाचं नाव घरात काढत नाय मी," आक्का म्हणाली.

आक्काला त्या दवाखान्यात एक प्रश्न कोणी विचारला नाही आणि तिनेही विचारला नाही : तुमच्याकडे कोणते कार्ड आहे?

मावशींची वाट दुसरी. त्यांच्याकडे गहाण ठेवायला बोरमाळ नव्हती. पहिली तीन वर्षे गावच्या डॉक्टरकडे इंजेक्शन, गोळ्या, मलम यांतच गेली. कोणी सांगितले चुना लावा, लावला. कोणी सांगितले तंबाखू बांधा, बांधली. जखम वाढत गेली. मग आशाताईने त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, तेथून शहापूरला पाठवले आणि शहापूरहून चिठ्ठी मिळाली एका मोठ्या सरकारी रुग्णालयाची. तेथील कथा मावशींच्याच शब्दांत सांगण्यासारखी आहे.

"पहिल्या दिवशी गेले तर केसपेपरची खिडकी बंद झालेली. दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले, म्हणाले डॉपलर करून आणा. डॉपलरला तीन आठवड्यांनंतरची तारीख. ते केलं. मग रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, साखर बघितली. मग ऑपरेशनची तारीख दिली. त्या दिवशी उपाशी बसून राहिले, दुपारी म्हणाले अपघाताची केस आली, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात गेले तर परत तेच. तिथला एकजण म्हणाला, आजी, हे काय जिवावरचं दुखणं नाही, जरा थांबा."

त्या दिवशी मावशींनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या लेकीने मिळून किती खाडे केले, याचा हिशेब आम्ही मांडला. सहा खेपा, प्रत्येक खेपेला दोन माणसे, म्हणजे बारा दिवसांची मजुरी. उपचार फुकट आहे हे खरे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे घेत नाहीत. एस.टी.चे तिकीटही मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे आहे. पण बुडालेली मजुरी कोण देणार? गरिबाला दवाखाना फुकट असतो, पण दवाखान्याची वाट फुकट नसते.

आणि 'जिवावरचे नाही' हे तरी कितपत खरे? मरण येत नसेल, पण काम जाते. मावशींना शाळेतून दोनदा विचारणा झाली, की हे असे पाय घेऊन स्वयंपाकाला येऊ नका. शिवाय अशी फुगलेली शीर कधी कधी फुटते आणि रक्ताची धार लागते. त्याबद्दल पुढे सांगतो.

कोठे जावे, काय मागावे

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पाय दाखवायला पहिल्यांदा तेथेच जावे. पाय दाखवताना उभे राहून दाखवावा. झोपल्यावर शिरा बसून जातात आणि घाईतल्या डॉक्टरला काहीच दिसत नाही. मधुमेह असेल तर सांगावा, नसेल तर साखर तपासून घ्यावी. बिडी-तंबाखू असेल तर तेही सांगावे, लाजू नये. पुढच्या उपचाराची चिठ्ठी मागून घ्यावी आणि तिच्यावर 'व्हेनस डॉपलर' असे लिहून घ्यावे. ही एक विशेष सोनोग्राफी असते, तिच्यातूनच कोणती झडप बिघडली आहे ते कळते. ती करणारा जाणकार तालुक्याच्या ठिकाणी रोज मिळेलच असे नाही. त्यासाठी मुरबाडकरांना आणि शहापूरकरांना उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नाहीतर थेट मुंबईचे सायन, के.ई.एम. किंवा जे.जे. गाठावे लागते. महापालिकेच्या रुग्णालयांत थोडेफार पैसे भरावे लागतात, ते हातात ठेवावेत.

शिरांची जुनी शस्त्रक्रिया तर कोणताही जनरल सर्जन करू शकतो. जर्मनीचे सर्जन फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग (१८४४-१९२४) यांच्या नावाने ती ओळखली जाते, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी. जांघेत छोटा छेद घेऊन बिघडलेली शीर बांधतात आणि खालची काढून टाकतात. कमरेत भूल देतात, एक-दोन दिवस ॲडमिट ठेवतात, लगेच चालायला लावतात. शीर काढली तर रक्त कोठून जाणार, ही भीती पुष्कळांना असते. पण पायातील बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतून वर जाते, वरची बिघडलेली शीर काढल्याने काही अडत नाही. सरकारी रुग्णालयात लेसर नाही म्हणून निराश होऊन परत येणारे आम्हाला भेटले. त्यांना आमचे सांगणे आहे, की जुनी शस्त्रक्रिया काही कमअस्सल नाही.

खासगीत जायचे असेल तरी खिशात हात घालण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ पासून जोतीबांच्या नावाने चालते आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्वच रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत लागू झाली आहे. योजनेतील रुग्णालयाच्या दारात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याच्याकडे जावे, डॉक्टरची चिठ्ठी दाखवावी आणि हा उपचार यादीत बसतो का, या रुग्णालयात होतो का, हे विचारावे. यादी वेळोवेळी बदलते, काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. तेव्हा शेजाऱ्याचे झाले म्हणून आपले होईल, किंवा शेजाऱ्याचे नाकारले म्हणून आपलेही नाकारतील, असे धरून चालू नये. फोनवर विचारायचे असल्यास १५५३८८ हा क्रमांक आहे. दुसरी गोष्ट, धर्मादाय रुग्णालये. मोठमोठी ट्रस्टची रुग्णालये कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायला बांधलेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्याची योजनाच घालून दिली. संगमरवरी फरशी बघून आपण दारातूनच माघारी फिरतो. फिरू नये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन आत जावे आणि तेथील समाजसेवा अधिकारी कोठे बसतात, ते विचारावे.

तिसरी गोष्ट आम्हाला स्वतःलाही उशिरा सुचली.

मावशींचा मुलगा आसनगावच्या एका कारखान्यात आहे, कंत्राटदाराकडे. पगार चौदा हजार. सहज बोलता बोलता आम्ही म्हटले, "दादा, पगाराची पावती दाखव बघू." पावतीवर एक ओळ होती : ई.एस.आय. १०५ रुपये. तीन वर्षे दर महिन्याला ते एकशे पाच रुपये कापले जात होते आणि मालक त्यावर आणखी चारशे पंचावन्न भरत होता. पोराला वाटत होते हा कसला तरी सरकारी टॅक्स आहे! ई.एस.आय. म्हणजे कामगार राज्य विमा. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना त्याची मर्यादा घातली आहे. कामगाराला त्यातून औषधोपचार आहेच, पण त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही आहे. कामगाराच्या नोंदीत त्यांची नावे मात्र असली पाहिजेत. मावशींचे नाव नव्हते. सुनेचे होते, नातवाचे होते, आईचे घालायचे राहून गेले होते.

हा विमा आपल्याला कोणी दान दिलेला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. बाबासाहेबांना स्वतःला अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी किती जेरीस आणले होते, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांना माहीत आहे. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावतो, तेव्हा त्यांनी खिशात ठेवून दिलेली ही पावतीही एकदा उलगडून पाहावी. रेल्वेत नोकरीला असलेल्यांची सोय तर वेगळीच आहे. कल्याणला रेल्वेचे रुग्णालय आहे आणि मध्य रेल्वेच्या भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयाला बाबासाहेबांचेच नाव आहे.

पट्टी आणि उशी

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत हातावर हात धरून बसायचे का? मुळीच नाही. जखम भरण्याचे अर्धे अधिक काम पट्टी करते. येथे जखमेवरचे फडके नव्हे, पायाला बांधायची ताणाची पट्टी अभिप्रेत आहे. औषधाच्या दुकानात क्रेप बँडेज दोन-तीनशे रुपयांत मिळते, लांब पायमोजे घ्यायचे तर हजाराच्या पुढे जातात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाय सुजण्याआधी, बोटांच्या मुळापासून सुरुवात करून गुडघ्याखालपर्यंत बांधायची. खाली घट्ट, वर जरा सैल. पण एक इशारा : पहिल्यांदा डॉक्टर किंवा नर्सला पायाच्या वरच्या बाजूची नाडी तपासायला सांगावे. धूम्रपान करणारे आणि मधुमेही यांच्या पायात वरून येणारे रक्तच कमी असू शकते, अशा पायाला घट्ट पट्टी बांधली तर पाय काळा पडेल. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या, दुखू लागले, तर पट्टी ताबडतोब सोडावी.

रात्री पायथ्याशी दोन विटा ठेवून खाट तिकडून उंच करावी, नाहीतर पायाखाली घोंगडी दुमडून ठेवावी. पाय छातीपेक्षा वर गेला पाहिजे. दिवसा चालावे. उभे राहणे सुटत नसेल तर उभ्या उभ्या टाचा वर-खाली कराव्यात, दर थोड्या वेळाने वीसेक वेळा. जखम उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवावी आणि स्वच्छ, कोरड्या कापडाने झाकावी. चुना, तंबाखू, बॅटरीची पूड, काहीही लावू नये.

पट्टी आणि शस्त्रक्रिया यांतील कोणती आधी, याचाही अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. पट्टीबरोबरच बिघडलेली शीर लवकर बंद केली, त्यांतील निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. नुसत्या पट्टीवर ठेवून शिरेचे काम मागाहून केले, त्यांना ८२ दिवस लागले. म्हणजे तारीख पुढे ढकलली, की पाय तेवढे आठवडे अधिक वाहतो.

गरोदर भगिनींनी घाबरू नये. गरोदरपणात वर आलेल्या शिरा बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप बसतात आणि त्या काळात शस्त्रक्रिया करीतही नाहीत. पण एकच पाय एकाएकी सुजला, तापला, दुखू लागला, किंवा त्याबरोबर धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण आत गुठळी झालेली असू शकते. शीर फुटून रक्त वाहू लागले तर बाईला बसवून किंवा उभी ठेवू नये. तिला जमिनीवर आडवी निजवावी, पाय उंच धरावा, स्वच्छ फडके ठेवून तळहाताने दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबून धरावे आणि १०८ ला फोन लावावा. वर करकचून दोरी बांधू नये. एवढे केले तर हे रक्त थांबते.

राहिला प्रश्न कामावर उभे ठेवण्याचा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही ती कायम आहे. प्रत्यक्षात स्टूल कोठे दिसते? केरळात कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसू देत नसत, पाय सुजत, शिरा फुगत. कोझिकोडच्या 'पेनकूट्टु' या संघटनेच्या विजी यांनी या बायकांना एकत्र आणले, लढा दिला आणि २०१८ साली तेथील सरकारला दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. एका स्टुलासाठी बायकांनी एवढे केले! पोषण आहाराच्या खोलीत, गोदामात, हॉटेलच्या मोरीत एक स्टूल मागायला आपल्या कामगार संघटनांना कसली अडचण आहे, हे आम्हाला समजत नाही.

किन्हवलीकडच्या त्या विहारात पुढे काय झाले, ते सांगतो. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वाचनानंतर मावशींच्या संमतीने त्यांच्या दुखण्याविषयी सर्वांसमोर बोललो. विनयपिटकातील दोन प्रसंग सांगितले. एका आजारी भिक्खूला सोबती टाकून गेले होते, त्याला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतले. आणि पिलिंदवच्छ स्थविरांचे पाय फुटले तेव्हा पायाला लावण्याच्या औषधाची अनुज्ञा दिली. महिला मंडळाच्या अध्यक्षा मध्येच उठल्या, आत गेल्या आणि सभेसाठी आणलेल्या खुर्च्यांतील दोन खुर्च्या घेऊन आल्या. एक बसायला, एक पाय ठेवायला. कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी आणखी तिघीजणींनी साडीचे काठ वर करून आपले पाय दाखवले. त्यांतील एकीचे वय तर तीसही नव्हते. ती गोदामात आहे.

मुलाने कारखान्यातून आईचे नाव नोंदवून घेतले, त्याला दोन महिने आणि चार खेपा लागल्या. मावशी आता ई.एस.आय.च्या दवाखान्यात जातात. पट्टी बांधायला लेकीला तेथील सिस्टरने शिकवले. तळहाताएवढी जखम अश्विन पौर्णिमेपर्यंत जुन्या रुपयाएवढी झाली होती आणि वास गेला होता. शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. तारीख पुढच्या गुरुवारची आहे. लेकीचा खाडा होऊ नये म्हणून मावशींबरोबर कोणी जायचे, हे महिला मंडळाने वहीत लिहून ठेवले आहे. त्याच पानावर खाली मुरबाडच्या आक्काचे नाव आहे आणि पुढे लिहिले आहे : रेशनकार्ड घेऊन ये, दुसऱ्या पायाचे विचारायचे आहे.